जिन्यातली मिरची

"उष्णता म्हणजे काय, ते मला कोणी शिकवू नये!"

वाफदादा हे गरजले, तेव्हा त्यांच्या अंगात दोन स्वेटर होते, डोक्याला कानटोपी होती आणि नाकाच्या शेंड्यावर एक थेंब पडू की नको अशा विचारात लोंबत होता.

वाफदादा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळला. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळ्या गावाचं मळकं त्यांच्या वाफेवर धुऊन निघायचं. काट्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून प्रेशर सांगायचे. तिथे पडलेलं नाव निवृत्तीनंतरही अंगाला चिकटून राहिलं. बॉयलर मात्र तिथेच राहिला, आणि दादा चार मजली इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, दोन थंडगार खोल्यांत. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती गेली आणि ते खातंच बंद पडलं. दादा दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचे. एक पाववाल्याशी आणि एक रेडिओशी.

ऐन थंडीत त्यांचा खोकला वाढला म्हणून लेक चार तासांचा प्रवास करून आली. आल्या आल्या तिने गॅलरीचं दार उघडलं.

"बाबा, आईच्या कुंड्यांचं हे काय झालंय?"

"काय झालंय? आहेत की अकराच्या अकरा."

"कुंड्या आहेत. झाडं कुठायत? नुसत्या काटक्या!"

"थंडी आहे. विश्रांती घेतायत."

"दोन वर्षं?"

दादांनी कानटोपी खाली ओढली. ऐकू न येण्याचा हा त्यांचा जुना उपाय होता. पण लेकही त्यांचीच! ती टोपीच्या काठाशी येऊन बोलली.

"तुम्ही माझ्याकडे चला. एक खोली रिकामी आहे. इथे एकटे काय करता?"

"एकटा? एकटा म्हणजे काय? मी काय मोडीत निघालोय? माझं मी बघायला समर्थ आहे!"

"एक कुंडी जगत नाही या घरात, बाबा."

आता छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला कुंडीवरून बोलायचं म्हणजे पहिलवानाला जिना चढता येईल का विचारण्यासारखं! दादांनी इकडेतिकडे पाहिलं. लेकीची पिशवी टेबलावर पडली होती आणि तिच्यातून बियांचं एक पाकीट डोकावत होतं. पाकिटावर मिरचीचं चित्र, नव्या नवरीसारखी लालबुंद.

"हे काय?"

"माझ्या ऑफिसातल्या बाईंसाठी घेतलंय. त्यांच्याकडे काचेचं घर आहे झाडांसाठी. आपल्याकडच्या एवढ्या गार हवेत नाही हो यायची मिरची. तिला ऊब लागते."

तेव्हा दादा ते वाक्य गरजले, जे मी सुरुवातीलाच सांगितलं. आणि थेंबही तेव्हाच पडला.

पैज लागली. उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी लेक येणार. झाडावर एक लाल मिरची दिसली पाहिजे. एकच! दिसली तर दादा जिंकले. नाही दिसली तर बॅग भरून तिच्याबरोबर निघायचं.

"आणि मी जिंकलो तर पुन्हा हा विषय काढायचा नाही," दादांनी कलम घातलं. "कधीच नाही. शब्द दे."

"दिला," लेक म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरल्यासारखा झाला, पण दादांचं लक्ष पाकिटाकडे होतं.

पाकिटात वीस बिया होत्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सूचना होत्या. दादांनी त्यांतला 'ऊबदार जागी ठेवावे' एवढेच शब्द वाचले आणि चष्मा काढून ठेवला. पुढचं वाचायची गरज काय? दहा बिया ओल्या मातीत पेरल्या, वरती झाकण दडपून बसवलं, कडेने ओलं फडकं गुंडाळलं. वाफ बाहेर जाता कामा नये! आणि तो ट्रे खिडकीखालच्या लोखंडी हीटरवर चढवून हीटर पुरा चालू केला. पाच दिवस खोलीत असा उकाडा, की दादा बनियनवर आले. सहाव्या दिवशी झाकण उघडलं, तर आतून भांड्यातून येते तशी वाफ आली. एक बी बोटात धरून दाबली. मऊ! मीठ टाकलं असतं तर खाता आली असती.

माणूस पोळला की ताकही फुंकून पितो. दादांनी पुढच्या सहा बिया पेरून हीटर साफ बंद केला आणि ट्रे खिडकीत ठेवला. त्या गारठ्यात बियांनी तीन आठवडे विचार केला आणि मग कुजून जाणं पत्करलं. दादांनाही पुन्हा खोकला झाला.

उरल्या चार!

आता मात्र दादांनी चष्मा लावून पाकीट अथपासून इतिपर्यंत वाचलं. माणसाला घाम येणार नाही आणि थंडीही वाजणार नाही, अशी ऊब रात्रंदिवस हवी, असं त्यात लिहिलं होतं. अशी जागा घरात कुठे? हीटर तापला की भट्टी, बंद केला की बर्फ. दादा विचार करत बसले. विचार करताना हात सवयीने काखेत गेले. आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं, की अरे, आपण सांभाळलेला एक बॉयलर अजून चालू आहे! एकोणसत्तर वर्षांत एकदाही बंद पडलेला नाही!

चारही बिया त्यांनी ओल्या कापसात गुंडाळल्या, कापूस प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत घातला, आणि पिशवी बंडीच्या आतल्या खिशात, छातीला लागून. ही बंडी बायकोने शिवलेली. त्या दिवसापासून दादा एका कुशीवर झोपू लागले, जिना सावकाश उतरू लागले आणि खोकला आला तर छातीवर हात ठेवून, जरा माफी मागितल्यासारखे खोकू लागले.

अकराव्या दिवशी डॉक्टरांकडे तपासणी होती.

"श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या." डॉक्टर थांबले. "हे कुरकुर काय वाजतंय?"

"छातीत?" दादा घाबरले.

"छातीत नाही, छातीवर!" डॉक्टरांनी खिशात बोटं घातली आणि पिशवी बाहेर काढली. "हे काय आहे?"

"मिरची."

"अहो, कफ झालाय तुम्हाला! छातीला मिरची लावायला कुणी सांगितलं?"

"लावली नाही डॉक्टर. पेरली!"

डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज एकदम मऊ केला. "दादा, आज वार कोणता, सांगता का?"

"मंगळवार. अकरावा दिवस."

"कशाचा अकरावा?"

"बियांचा! अहो असे काय बघताय? दिव्याजवळ धरा तिला, गारठेल ती!"

डॉक्टरांनी पिशवी दिव्यासमोर धरली. मग चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ नेली. 

"एकीला मोड आलाय," ते शेवटी म्हणाले.

दादा टेबलावरून उठलेच!

"खाली बसा, अजून रक्तदाब घ्यायचाय!"

"माझा राहू द्या हो, तिचा घ्या!"

घरी जाताना बसमध्ये दादा छातीवर हात घट्ट धरून उभे होते. एक अनोळखी बाई चटकन उठल्या. "बसा इथे. बरं वाटत नाहीये का? घरी कुणी आहे ना?" दादांना सांगता आलं असतं, की बाई, मला काही झालं नाही, माझ्या खिशात मिरची उगवली आहे. पण महिन्या-दोन महिन्यांत समोरासमोर असं कुणी विचारलं नव्हतं. ते बसले. बाई बोलत राहिल्या, दादा ऐकत राहिले. उतरायची जागा येऊन गेली. दोन थांबे पुढे जाऊन दादा उतरले आणि थंडीत चालत परत आले.

चारांपैकी दोनच उगवल्या. त्यांतल्या एकीने तिसऱ्याच दिवशी मान टाकली. राहिली एक. दोन पानांची, दाढीच्या ब्लेडएवढी उंच.

तिला आता उजेड हवा होता, आणि दादांच्या खोल्यांत काय, गॅलरीत काय, ऊन म्हणजे पाहुणा. संपूर्ण इमारतीला ऊन येणारी खिडकी एकच, जिन्यात, पहिल्या मजल्याच्या वळणावर. दादांनी कुंडी तिथे ठेवली आणि वर कागद चिकटवला: 'हे झाड आजारी नाही. लहान आहे. हात लावू नये. चौथा मजला.'

ते जिन्यात उशी टाकून बसू लागले. सकाळ-संध्याकाळ. झाडाला सोबत म्हणून, असं ते स्वतःला सांगायचे.

दोन वर्षं या इमारतीत दादांची कुणाशी ओळख म्हणजे "दार धरा" आणि "लाईट गेली का?" एवढीच. आता तीन माणसं थांबू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई, त्यांच्या समोरच्या दारातला कुलूपवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचा बसड्रायव्हर.

"दादा, काय म्हणतंय कारटं?" ड्रायव्हर ड्यूटीवर जाताना विचारायचा.

"चौथं पान फुटलंय."

"वा! शाळेत घाला आता!"

बाई मात्र कुंडीकडे परीक्षेचा पेपर बघावा तशा बघायच्या. "वाढ बरी आहे. पण वळण नाही. काठी बांधा."

कुलूपवाला कमी बोलायचा. एका सकाळी कुंडीशेजारी बारीक तारेची, सुबक वळवलेली काठी उभी होती. एवढंच.

पण झाड एकाएकी मलूल झालं. पानं लोंबली. दादांनी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी जास्तच लोंबली. दादांनी जास्त पाणी घातलं. जिन्याच्या पायऱ्यांवरून ओघळ वाहायला लागले, तळमजल्याच्या दाराशी डबकं झालं, आणि टपालवाला त्यात घसरून पत्रांसकट बसला! तेव्हा बाईंनी सगळ्यांना वळणावर उभं केलं.

"या झाडाला पाणी कोण कोण घालतं? खरं सांगायचं."

वर्गातल्यासारख्या माना खाली गेल्या. मग दादांचा हात वर गेला. मग कुलूपवाल्याचा. मग खुद्द बाईंचा, जरा अर्धाच.

"आणि तुम्ही?" बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"मी पाणी नाही घातलं बुवा," ड्रायव्हर म्हणाला. "मी थर्मासमधला उरलेला चहा घालायचो."

"चहा?" दादा किंचाळले.

"साखर नव्हती हो त्यात! आणि थंडीत बिचाऱ्याला जरा तरतरी!"

चौघे चार दिशांनी एका जिवाला बुडवत होते आणि सुकतंय म्हणून हळहळत होते! त्या दिवशी पाळ्या ठरल्या. आठवड्यातून दोनदा, एकानेच, भांड्याने मोजून. झाडाने मान वर केली. मग फुलं आली, पांढरी, खाली मान घातलेली. आणि एकेक करून गळून पडली.

"बंद जिन्यात माश्या नाहीत, मधमाश्या नाहीत," बाई म्हणाल्या. "परागकण कोण पोचवणार? ते काम तुम्हाला करावं लागेल."

"मला?" दादा लाजले.

दुसऱ्या दिवशी दादा दाढीचा ब्रश घेऊन या फुलावरून त्या फुलाकडे हलक्या हाताने फिरवत होते, तेवढ्यात ड्रायव्हर उतरला.

"दादा, दाढी करताय की लग्न जुळवताय?"

"तू आपली बस बघ!"

"बघतो बघतो. पण स्थळं एकाच घरातली आहेत हो, नीट चौकशी करा!"

उन्हाळा अर्ध्यावर आला, तेव्हा एक मिरची धरली. एकच. हिरवी, करंगळीएवढी. त्या दिवशी ड्रायव्हरने जिन्यात घंटी वाजवल्यासारखा आवाज काढला, बाईंनी "उत्तम" म्हटलं आणि कुलूपवाला चक्क हसला. दादांनी सगळ्यांना पैजेची गोष्ट रंगवून सांगितली. लेकीला कसं हरवणार, या घरातून आपल्याला कोणी हलवू शकत नाही, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. इमारतीची अब्रू त्या करंगळीवर टांगली गेली!

मग सगळे आपापल्या दारात गेले. दारं लागली. दादा तीन मजले चढून वर आले, रेडिओ लावला, आणि पावाचा तुकडा मोडता मोडता त्यांच्या मनात आलं, की रोज तिघंही विचारतात, मिरची कशी आहे? तुम्ही कसे आहात, असं काही कुणी विचारत नाही. आणि विचारणार तरी कशाला? लाल व्हायचं होतं मिरचीला. दादांना थोडंच काही व्हायचं होतं!

रविवारी लेकीचा फोन आला. "जेवलात का? काय जेवलात? खोकला कसाय? खोटं सांगू नका, मला ऐकू येतोय." मग म्हणाली, "त्या खोलीला रंग दिला, बाबा. पिवळा. तुम्ही येणार म्हणून नाही हो! रंग उडाला होता म्हणून."

"मिरची धरलीय," दादा म्हणाले.

"हो का? छान," लेक म्हणाली.

फोन ठेवल्यावरही दादा तो हातात धरून बसले होते. पिवळा रंग. बायको असती तर म्हणाली असती, अहो, पोरगी बोलावतेय, जायचं की! पण ते खातं बंद होतं. आणि दादांनी तर गर्जना करून ठेवलेली. आता "मला यायचंय" म्हणायचं कसं? ज्याने जन्मभर वाफ कोंडून धरायचं काम केलं, त्याला झडप उघडायची म्हणजे भीतीच वाटते.

पण हरलो तर? हरलो तर काही बोलावं लागत नाही! पैज म्हणजे पैज. मुकाट्याने बॅग भरायची, तोंड वाकडं करायचं आणि जायचं. मिरची हिरवी राहिली, की झालं!

दादांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी त्या दिवशी रेडिओ बंदच केला.

दुसऱ्या दिवसापासून दादा हरण्याच्या कामाला लागले. आणि मंडळी, हरणं इतकं अवघड असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं! गार वारा लागावा म्हणून त्यांनी जिन्याची खिडकी उघडी टाकली. संध्याकाळी पाहतात तो खिडकीला नवीकोरी कडी! "वारा लागत होता तिला," कुलूपवाला म्हणाला. कुंडी सावलीत सरकवली, तर बाईंनी ती उन्हात परत आणली आणि फरशीवर खडूने गोल काढून ठेवला, की जागा इथेच. पाण्याची स्वतःची पाळी दादांनी चुकवली, तर ड्रायव्हर ओरडला, "काळजी करू नका दादा, तुमच्या वाटचं मी घातलं! साधं पाणी, आईशप्पथ!"

शेवटच्या रविवारच्या आदल्या गुरुवारी मिरचीचा एक गाल लाल झाला. शुक्रवारी दोन्ही. जिन्यात जल्लोष! शनिवारी सकाळी दादा गपचूप खाली आले. मिरची देठापर्यंत लाल, चकचकीत, पाकिटावरच्या चित्रालाही लाजवील अशी. एवढ्या महिन्यांची मेहनत. दादांनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खुडली.

खुडली खरी, पण आता ठेवायची कुठे? वर दार वाजलं, पावलं ऐकू आली. दादांनी घाईघाईने ती तोंडात टाकली आणि चावली.

आई गं! छत्तीस वर्षांत बॉयलरने दिला नाही तो चटका त्या करंगळीएवढ्या पोरीने दिला! कानांतून वाफ निघाली, डोळ्यांतून धारा लागल्या, तोंडातून शब्द फुटेना. आणि असे, रिकाम्या झाडासमोर पायरीवर बसून घळाघळा रडणारे दादा, आधी बाईंना दिसले, मग ड्रायव्हरला, मग कुलूपवाल्याला.

"चोरली!" ड्रायव्हर कडाडला. "कुणीतरी चोरली हो!"

दादांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही!

"बघा, विश्वासच बसत नाहीये त्यांचा," बाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज ओला झाला होता.

दादांनी तोंडाकडे बोट केलं.

"बोलवत नाहीये त्यांना! पाणी आणा!"

 कुलूपवाल्याने दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. त्या हाताखाली दादांना खरोखरच रडू फुटलं. कशामुळे, ते त्यांचं त्यांनाच कळेना. जीभ ताळ्यावर आली तोवर सांगायची वेळ निघून गेली होती. तिघंही एकेक करून, तावातावाने, कुठेतरी निघून गेले होते.

दादा वर गेले, तोंड धुतलं आणि बॅग काढली. दोन स्वेटर, बंडी, चष्मा, औषधं. बॅग भरताना ते चक्क शीळ घालत होते.

रविवारी सकाळी ते लेकीला आणायला स्टेशनवर गेले. येताना वाटेत तोंड पाडून म्हणाले, "काय सांगू तुला पोरी. घात झाला."

"काय झालं?"

"तूच बघ."

दोघं जिना चढले. वळणावर आले. आणि दादांचे पाय पायरीलाच चिकटले.

झाडावर तीन मिरच्या होत्या! एक लांब, बारीक, लाल, देठाला तारेचं वेटोळं असं सफाईदार की सोनाराने घडवावा. दुसरी बुटकी, टोकदार, पांढऱ्या दोऱ्याच्या नीटस गाठीने बांधलेली. आणि तिसरी? तिसरी मिरची नव्हतीच! मुठीएवढी लालभडक ढोबळी, बुटाच्या नाडीने लटकवलेली, आणि तिच्या पोटावर दुकानाचं चिकटवलेलं लेबल! तिच्या भाराने बिचारं झाड लेकीला वाकून नमस्कार करत होतं.

वरच्या पायऱ्यांवर तिघंही इस्त्रीचे कपडे घालून उभे. तिघांनी आपापली मिरची चोरून, एकमेकांना न सांगता बांधली होती, आणि तिघंही आता दुसऱ्या दोन मिरच्यांकडे डोळे फाडून बघत होते.

"यंदा... यंदा पीक चांगलं आलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"एकाच झाडाला कधी कधी विविधता आढळते," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या शिकवण्याच्या सुरात खोटं बोलल्या असाव्यात.

कुलूपवाल्याने खोकून घेतलं.

लेक खाली वाकली. तिने तार बघितली, दोरा बघितला, नाडी बघितली, लेबल वाचलं. मग सरळ झाली आणि वडिलांकडे बघत राहिली. दादांनी डोळे चुकवले. आता म्हणेल, बाबा, ही काय थट्टा आहे? चला, भरा बॅग! म्हण, पोरी, म्हण!

"जिंकलात, बाबा," लेक हळूच म्हणाली.

वरच्या पायऱ्यांवर टाळ्या पडल्या!

चहा झाला. सगळे बसले, हसले, बोलले. दादांनी भरलेली बॅग पलंगाखाली सारली. संध्याकाळच्या गाडीला लेकीला सोडायला गेले. ती खिडकीतून म्हणाली, "सुखी आहात ना इथे?"

"एकदम!" दादा म्हणाले.

गाडी हलली. शब्द दिला होता, म्हणून तिने विषय काढला नाही.

पुढे हवा गार झाली. मोहीम फत्ते झाल्यामुळे जिन्यात थांबायला आता कुणाला निमित्त उरलं नव्हतं. ड्रायव्हरची पाळी बदलली. बाई थंडीत बाहेर पडेनाशा झाल्या. कुलूपवाला आधीच कमी बोलायचा. दादांनी कुंडी वर आणली. ढोबळी सुकून सुरकुतली, तरी ती नाडीवर लटकतच होती. सोडवणार कोण?

एका बुधवारी दुपारी दादांनी फोन उचलला. रविवार नसताना त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"काय झालं बाबा? पडलात का?" लेक घाबरून म्हणाली.

"पडतोय कशाला? तुला एक सांगायचं होतं. त्या मिरच्या खोट्या होत्या."

 पलीकडे लेक हसली. "बाबा, एकीवर लेबल होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटलं तुम्हीच बांधल्यात. म्हटलं, यांना माझ्याकडे यायचं नाही म्हणून एवढा खटाटोप! बुटाची नाडीसुद्धा वापरली! मग कुठल्या तोंडाने हट्ट करू?"

दादांच्या हातातला फोन जड झाला. "मी नाही बांधल्या. त्या तिघांनी बांधल्या. माझी खरी होती ना, ती मी खाल्ली."

"खाल्ली? कधी?"

"आदल्या दिवशी. लाल झाली होती. पूर्ण."

"मग खाल्लीत का?"

झडप गच्च बसली होती.  आतून सगळी वाफ वर आली आणि एवढासाच आवाज बाहेर पडला.

"पिवळा रंग कसा दिसतो खोलीला?"

 लेकीचा आवाज बदलला.

"अहो बाबा... मी ती खोली भाड्याने दिली हो. गेल्याच आठवड्यात. एक नर्स आहे. सहा महिन्यांसाठी."

"बरं केलंस की!" दादा घाईघाईने ओरडले. "रिकामी कशाला ठेवायची! मी आपलं रंगाचं विचारत होतो. मला इथे काय कमी आहे?"

"बाबा."

"हं."

"सहा महिन्यांनी खाली होईल. तेव्हा विचारू?"

दादांनी नाक पुसलं. खिडकीबाहेर पहिला गारठा उतरत होता.

"विचार," ते म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. पैज लावू नकोस. मला हरता येत नाही."